आईला विचारून नेमणूक

आमच्या भागात पाहुण्यासमोर आपल्या घरातल्या कशाचीही स्तुती करत नाहीत. टेबलावर दहा ताटल्या मांडलेल्या असल्या तरी घरधनीण म्हणणार, आज काही केलंच नाही हो, जे आहे ते गोड मानून घ्या. पाहुण्याने म्हणायचं, अहो किती हे. मग तिने पुन्हा म्हणायचं, छे, मीठसुद्धा धड पडलं नाही. मुलांचंही तेच. दुसऱ्याचं पोर हुशार, देखणं, गुणी. आपलं पोर ठोंब्या. प्रत्यक्षात उलटं असलं तरी बोलायचं असंच. हा शांतुंग प्रांत आहे. कोंगगुरुजी, ज्यांना बाहेरचं जग कन्फ्यूशियस म्हणतं, त्यांचं जन्मगाव इथून बसने दोन तासांवर. तेव्हा रीतभात इथे जरा जास्तच.

पण थेंगकाकूंइतकी ही रीत कुणीच पाळली नसेल. थेंग यूरोंग त्यांचं नाव, गावाला त्या थेंगकाकू. मुलगा झाला तेव्हा त्यांनी त्याला घरात हाक मारायला नाव ठेवलं 'कुत्र्याचं उष्टं'. दगडू-धोंडू ठेवतात त्यातलाच प्रकार. वरती कुणी टपून बसलेलं असलं तर त्याला वाटावं, काही खास नाही, राहू दे. शाळेतलं नाव यान देलिन. गुरुजी म्हणाले, मुलगा चांगला आहे. काकू म्हणाल्या, कसला चांगला, रात्री झोपेत दात खातो.

नवरा दगडाच्या खाणीत होता. छातीत धूळ साठून तो गेला तेव्हा देलिन अजून शाळेत होता. काकूंनी अंगणात चूल मांडली, वर बैलगाडीच्या चाकाएवढा लोखंडी तवा ठेवला आणि मक्याच्या पिठाची धिरडी घालायला लागल्या. कागदासारखी पातळ, कुरकुरीत. त्यात कांद्याची पात गुंडाळायची आणि सोयाबीनची खारट चटणी लावायची. बाजारच्या दिवशी त्यांच्यासमोर रांग लागे. कुणी म्हटलं, काकू, तुमच्यासारखं धिरडं तालुक्यात नाही, तर काकू म्हणत, अहो, पीठच जाड दळलं गेलंय या वेळी. त्या धिरड्यांवर देलिन शिकला आणि सरकारी नोकरीची परीक्षा पास झाला.

ही परीक्षा आमच्याकडे राजांच्या काळापासून चालत आलेली. नावं बदलली, प्रश्न बदलले, पण गावातलं पोर पास झालं की फटाके वाजतात ते तसेच. त्या दिवशीही वाजले. शेजारची लुआन तोंड भरून कौतुक करायला आली, तर काकू म्हणाल्या, "कसलं काय, या वर्षी पेपरच सोपा होता." लुआनचा मुलगा त्याच पेपरात नापास झाला होता. लुआनने चार महिने काकूंकडे पाठ फिरवली. काकूंना कितीतरी दिवस कळेना की आपलं चुकलं काय.

देलिनला शिलिंगला नेमलं. डोंगरातला भाग, बस बदलत बदलत अर्धा दिवस जातो. काम तिथल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं: कुणाचं पेन्शन अडलंय, कुणाचं छप्पर गळतंय, कुणाला दवाखान्यात न्यायचंय. तरुण पोरं सगळी शहरात, म्हातारी सगळी डोंगरात, आणि मध्ये हा. बरोबरचे लोक एकेक पायरी चढून साहेब झाले. देलिन केस विरळ झाले तरी तिथेच. हुजरेगिरी त्याला जमायची नाही, आणि आपण काय केलं ते सांगायची तर त्याच्या घरात रीतच नव्हती.

मग तालुक्याने एक नवा नियम काढला. साहेब करायचा तर परीक्षेचे गुण बघायचे, काम बघायचं, बरोबरच्यांची मतं घ्यायची, हे होतंच. आता त्याच्या घरीही जायचं. आईबापांना, शेजाऱ्यांना विचारायचं, की हा माणूस घरात कसा आहे. जो आपल्या आईबापांना बघत नाही तो लोकांना काय बघणार, असा त्यामागचा विचार. विचार जुनाच आहे आणि वाईटही नाही. फक्त हुशारी मोजायला पेपर काढता येतो, चांगुलपणाचा पेपर काढला की लोक त्याचीही घोकंपट्टी करतात. म्हणून चौकशीला न कळवता जायचं ठरलं, आणि उमेदवारांना ताकीद दिली की घरी आधी काही बोलायचं नाही. कितीजणांनी ती पाळली देव जाणे. देलिनचंही नाव या वेळी यादीत होतं, त्याने पाळली.

शरदातल्या पौर्णिमेचा सण जवळ आला होता. अंगणात शेंगा वाळत घातल्या होत्या आणि काकू त्या हाताने परतत होत्या, तेवढ्यात फाटकाशी दोघं आली. एक पिकल्या केसांचे गृहस्थ, एक चष्मेवाली मुलगी. गृहस्थांनी आपलं नाव गोंग सांगितलं, मुलीचं निंग. तालुक्याच्या कार्यालयातून आलोय म्हणाले, देलिनबद्दल थोडं बोलायचंय. काकूंच्या मनात एवढंच आलं की हे देलिनच्या ऑफिसातले लोक, सणाआधी सहकाऱ्याच्या आईला भेटायला आलेत. आमच्याकडे येतात तसे. त्यांनी लगबगीने बाकडं पुसलं, चहा ठेवला, शेंगा भाजून आणल्या.

गोंग म्हणाले, देलिनचं काम चांगलं आहे असं ऐकतो. झालं. समोर पाहुणे, आणि पाहुण्यांनी मुलाची स्तुती केलेली. काकूंचं तोंड आपोआप सुरू झालं. कसलं चांगलं, साहेब. मठ्ठ आहे. लहानपणापासून मठ्ठ. हातात द्याल तेवढंच करील.

"घरी येतो ना अधूनमधून?" गोंगनी विचारलं.

इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. पण हा प्रश्न ऐकला आणि काकूंच्या आत काहीतरी सैल झालं. त्या म्हणाल्या, येतो की. नव्या वर्षाला आला होता, सगळ्या गावाचे मुलगे आदल्या दिवशी येतात, हा तिसऱ्या दिवशी आला, जेवला आणि झोपला. गेल्या वर्षी उन्हाळ्यात माझी पाठ धरली, अंथरुणातून उठता येईना, तेव्हा लुआनने हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. हा आला चौथ्या दिवशी. गुडघ्याच्या गोळ्या घेऊन आला. पाठ धरली होती, साहेब, गुडघे नव्हे.

"मुलगा कसला," त्या म्हणाल्या, "पाहुणा आहे. तुमच्यासारखाच. तुम्ही निदान शेंगा तरी खाताय."

निंग भराभर लिहीत होती. ऑफिसातली पोरगी भेटीला आली तर लिहिते कशाला, हे काकूंच्या लक्षात यायला हवं होतं. पण त्यांना बरं वाटत होतं. कित्येक वर्षांचं पोटातलं बाहेर पडत होतं, आणि वरून रीत पाळल्याचं पुण्य.

निघताना काकूंनी दोघांच्या हातात शेंगांच्या पिशव्या कोंबल्या. दोघांनी त्या परत ठेवल्या. काकूंनी पुन्हा कोंबल्या. गोंग म्हणाले, नियम आहे काकू, चहासुद्धा खरं तर घ्यायचा नव्हता. तिथे काकू चरकल्या. सणाला आलेला माणूस शेंगा परत ठेवतो?

दोघं फाटकातून निघून लुआनकडे गेली. घटकाभराने लुआन धापा टाकत आली. काकूंशी तिचं पुन्हा जुळून बरीच वर्षं झाली होती. जुळलं म्हणजे रोज भांडण्याइतकं जुळलं होतं.

"अगं यूरोंग, काय सांगितलंस त्यांना?"

काकूंनी सांगितलं. लुआन मटकन शेंगांवरच बसली. मग तिने नवा नियम समजावला. तिच्या माहेरच्या गावीही हीच दोघं जाऊन आली होती. तिथल्या उमेदवाराच्या घरी बातमी आधीच फुटलेली. त्याचे आईबाप नवे कपडे घालून तयार बसले होते आणि म्हणाले, आमचा मुलगा रोज संध्याकाळी आमचे चारही पाय गरम पाण्याने धुतो.

"आणि त्याच्या बापाला पाय एकच आहे," लुआन म्हणाली. "खाणीत गेला दुसरा. आता बोल. त्यांनी नसलेला पाय धुऊन घेतला, आणि तू असलेला मुलगा घालवलास."

काकूंनी आधी वाद घातला. म्हणे, लोकांना काय एवढी रीत कळत नाही? आईने मुलाला नावं ठेवली तर ती खरी मानतात का? पण बोलता बोलताच त्यांचा आवाज उतरला. कारण निंगच्या वयाच्या पोरी शहरात वाढलेल्या, त्यांना काय रीत आणि काय खरं. आणि दुसरं कारण त्यांचं त्यांनाच माहीत होतं. मठ्ठ म्हणाल्या ती रीत होती. पण तिसऱ्या दिवशी आला, चौथ्या दिवशी आला, ही काही रीत नव्हती. तो राग होता, आणि रीतीच्या पदराआडून त्यांनी तो पाहुण्यांसमोर मोकळा केला होता.

बढती गेली तर गेली, इतकी वर्षं नव्हतीच. पण हे नुसत्या बढतीवर थांबणारं नव्हतं. आईला न बघणारा, असा शिक्का या भागात एकदा बसला की माणूस कुठल्या तोंडाने म्हाताऱ्यांच्या दारात उभा राहणार? आणि देलिनला दुसरं काम येतच नव्हतं. शिक्का मारला कुणी, तर आईने. देलिनला फोन करायचं धैर्य होईना. काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने त्या तालुक्याला निघाल्या. लुआन बरोबर गेली, कारण एकट्या गेल्या तर आणखी घोळ घालतील अशी तिची खात्री होती. वाटेत तिने तालीम घेतली.

"म्हण, माझा मुलगा गुणी आहे."

"माझा मुलगा," काकू म्हणाल्या, "तसा काही... वाईट नाही."

"गुणी आहे."

"गुणी आहे, पण..."

"पण नको."

"पण नको म्हटलं तर वाक्य कसं पुरं होणार?" काकूंनी विचारलं. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. लुआनने कपाळाला हात लावला आणि उरलेली वाट खिडकीबाहेर बघत काढली.

तालुक्याच्या कार्यालयात दारातच कोंगगुरुजींची मोठी तसबीर होती. लांब दाढी, हात जोडलेले, खाली सोनेरी अक्षरांत चांगल्या माणसांच्या हाती कारभार असावा अशा अर्थाचं काहीतरी. काकूंनी तसबिरीला नमस्कार केला आणि शिपायाला गोंग साहेबांचं विचारलं. शिपाई म्हणाला, वेळ घेतलीय का? लुआन म्हणाली, सत्तरीची बाई आहे, हिच्याकडे आता किती वेळ उरलाय ते बघून ठरवा. शिपायाने आत फोन लावला.

गोंगनी दोघींना बसवलं, रीतीप्रमाणे प्यायला गरम पाणी दिलं. निंग कोपऱ्यातल्या टेबलाशी होती. काकूंनी तालमीतलं वाक्य काढलं, ते 'पण'पाशीच अडलं. मग त्या म्हणाल्या, "साहेब, काल मी पाहुण्यांसमोर बोलतात तसं बोलले. तुम्ही कोण ते मला माहीत नव्हतं."

गोंगनी मान हलवली. "म्हणजे काल सांगितलंत ते खोटं होतं?"

लुआनने टेबलाखालून काकूंच्या पायावर पाय दिला. अर्थ उघड होता: हो म्हण. हो म्हटलं की सुटलं. एक शब्द, आणि मुलावरचा डाग धुऊन निघणार. काकूंनी तोंड उघडलंही. पण समोर तो शांत म्हातारा, भिंतीवर आणखी एक तसबीर, आणि ज्या मुलासाठी त्या खोटं बोलायला निघाल्या होत्या तो उभ्या जन्मात त्यांच्याशी खोटं बोलला नव्हता. पाठ धरली तेव्हा का आला नाहीस विचारलं, तर कारण न सांगता म्हणाला होता, चुकलं.

"खोटं नव्हतं," काकू म्हणाल्या. लुआनने डोळे मिटले. "एक शब्द खोटा नव्हता. पण अर्धं होतं. तो कुठे नव्हता तेवढं सांगितलं मी. कुठे होता ते नाही सांगितलं."

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी लुआनलाही माहीत नव्हती. पाठ धरली त्या आठवड्यात शिलिंगच्या डोंगरात मोठा पाऊस झाला होता, आमच्याकडे तो उन्हाळ्यातच येतो; दरडी कोसळत होत्या. देलिन तिकडून म्हाताऱ्यांना खाली आणत होता. त्याने हे सांगितलंच नाही. यंदा वसंतात एक अनोळखी म्हातारा काकूंच्या दारात आला, बस बदलत बदलत, अक्रोडांची पिशवी घेऊन. म्हणाला, "ताई, पावसात तुमचा मुलगा आम्ही चार दिवस उसना घेतला होता. तुम्हाला विचारलं नाही. त्याने माझ्या बायकोला पाठीवर घेऊन डोंगर उतरवला." काकूंनी त्याला गरम पाणी दिलं आणि बसची वेळ झाली म्हणून घाईने वाटेला लावलं. अक्रोड माळ्यावर टाकले. एकही फोडला नाही.

"ते ऐकून मला अभिमान वाटायला हवा होता," काकू म्हणाल्या. "मला राग आला, साहेब. माझी पाठ इथे अंथरुणाला चिकटलेली, आणि त्याच्या पाठीवर दुसऱ्याची बायको, दुसऱ्याची आई. अजूनही येतो राग. मुलगा चांगला आहे. म्हणूनच तर येतो. नालायक असता तर कशाला वाट बघितली असती? हे सगळं लिहा, हवं तर रागसुद्धा लिहा."

निंगने पेन उचललं आणि मग खाली ठेवलं. गोंग म्हणाले, "काकू, आमच्याकडे रागाला रकाना नाही." मग म्हणाले, माझी आई गेली तेव्हा मीही असाच कुठल्यातरी गावी दुसऱ्यांच्या चौकशा करत होतो. आणि लगेच घसा साफ करून उठले.

देलिनचं काय होणार, हे त्यांनी सांगितलं नाही. ते कमिटी ठरवते, आणि ठरेपर्यंत बोलायचं नाही हाही नियम. काकूंनी आणलेली धिरडी त्यांनी परत केली. बसथांब्यावर बसून ती दोघींनी खाल्ली. लुआनने उरलेलं धिरडं दोघींत मोडलं. शेवटी म्हणाली, "हो म्हटली असतीस तर काय जीभ झडली असती? पण बरं झालं नाही म्हटलीस." कुठलं बरं आणि का, ते तिने सांगितलं नाही.

सण आला आणि गेला. देलिनचा दर रविवारी फोन यायचा, तो आला नाही. गावात कुणी काही बोललं नाही, पण काकूंना प्रत्येक घोळक्यात आपलंच नाव ऐकू यायचं. बाजारात धिरडी करपायला लागली. कुणी म्हटलं, काकू, आज जरा जास्त भाजलंय, तर त्या नुसत्या हो म्हणायच्या.

मग एका दुपारी, सण नाही, सुट्टी नाही, अशा दिवशी, त्या तव्यावर पीठ पसरत होत्या आणि फाटक वाजलं. देलिन. हातात पिशवी, डोक्यावर उरलेले चार केस वाऱ्याने उडालेले. काकूंचा हात तव्यावरच थांबला. आला म्हणजे कामावरून घालवला त्याला, असं त्यांना वाटलं. नोकरीच गेली.

तो काही न बोलता चुलीपुढच्या बुटक्या स्टुलावर बसला आणि मक्याचे वाळके बुडखे आत सारायला लागला, लहानपणी बसायचा तसा. काकूंनी पीठ पसरलं. शेवटी त्यांनाच राहवेना.

"मी बोलले त्यांना," त्या म्हणाल्या. "तुझ्याबद्दल."

"माहीत आहे. मला बोलावून सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, तुला खुलासा द्यायचा असेल तर दे."

"मग? दिलास?"

"नाही. म्हटलं, आई म्हणते ते बरोबर आहे."

"मठ्ठ आहेस," काकू म्हणाल्या, आणि हा शब्द या वेळी त्यांनी अगदी मनापासून म्हटला.

देलिन आगीकडे बघत होता. "मग गोंग साहेबांनी विचारलं, तुला चूक कळते, तर घरी जात का नाहीस? मी म्हटलं, आई नको म्हणते. ते म्हणाले, आणि तू ऐकतोस? मी म्हटलं, आईचं ऐकायचं नाही तर कुणाचं ऐकायचं?"

काकूंनी तव्यावर पुढचं पीठ ओतलं.

"दर रविवारी विचारतो मी तुला," तो म्हणाला. "येऊ का? तू म्हणतेस, काही नको, कामं बघ, मी ठणठणीत आहे, बसचा त्रास कशाला. मला खरंच वाटायचं, तुझं बरं चाललंय. शेजारी लुआनकाकू आहे, बाजार आहे. मी येऊन तुझी झोपमोड करतो. तू माझी वाट बघतेस हे मला तालुक्याच्या साहेबाने वाचून दाखवलं, आई. सगळ्या ऑफिससमोर."

"मग काय ये म्हणायचं होतं?" काकूंचा आवाज चढला. "मुलगा सरकारी कामावर, आणि आईने म्हणायचं, ते सोड आणि माझ्याजवळ येऊन बस? कुठली आई असं म्हणते?"

"म्हणायचं," देलिन म्हणाला. "मी काही पाहुणा नाही."

तव्यावरचं धिरडं कडेने काळं पडून वर उचललं गेलं. काकूंनी ते काढलं नाही. त्या हातातली पळी धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते धुरामुळे येतंय असं त्यांनी म्हटलं नाही. किती वर्षं दोघांनी एकमेकांशी इतक्या रीतीने वागून काढली होती! आणि ज्या तोंडाने मुलगा घालवला म्हणून त्यांनी इतके दिवस कपाळ बडवलं, त्याच तोंडाने त्याला घरी आणलं होतं. त्यांच्या छातीवरचं ओझं असं उतरलं की त्यांना आधी हसूच आलं. मग रडू. मग पुन्हा हसू. देलिनने उठून करपलेलं धिरडं काढलं, आणि फेकून न देता उभ्या उभ्या खाल्लं.

नोकरीचं विचारायला काकूंना संध्याकाळ झाली. तो म्हणाला, नोकरी आहे. कमिटीत त्याच्यावरून बराच वाद झाला होता. एक जण अडून बसला, की घरचं मत असं असताना याला घेतलं तर नियम काढला कशाला. गोंग म्हणाले, घरचं मत एकदा नाही, दोनदा आलंय, आणि दुसरं पूर्ण आहे. शेवटी हात वर झाले. लुआनच्या माहेरच्या त्या पाय धुणाऱ्यालाही बढती मिळाली म्हणे. कोंगगुरुजींच्या नावाने चाललं तरी शेवटी ते सरकारच.

"नाव लागलंय शिलिंगच्या फळ्यावर," देलिन म्हणाला. "तिथल्या कार्यालयाचा उपप्रमुख म्हणून. पण अजून पक्कं नाही. आठवडाभर नाव तसंच ठेवतात. कुणाची हरकत असेल तर या मुदतीत कळवायची." तो हसला. "तुझी आहे का काही?"

काकूंनी चुलीतले जळते बुडखे मागे ओढले, हात पदराला पुसले आणि त्याच्यासमोर येऊन बसल्या.

"आहे," त्या म्हणाल्या.

देलिनचं हसू थांबलं.

"शेवटच्या बसने परत जायचं मनात असेल, तर हरकत आहे माझी. इथे राहा. उद्याही राहा. मला तू घरात हवा आहेस."

बोलून झाल्यावर त्यांनी 'पण' म्हणण्यासाठी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. देलिनने फोन काढून शिलिंगला कळवलं की तो परवा येईल. मग त्याने बूट काढले आणि ते पाहुण्यासारखे फाटकाजवळ न ठेवता आत नेऊन ठेवले.